तीन दिवसांची मोकळीक

यंदा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही उभयतां मोटारीनें तीन दिवसांच्या प्रवासास निघालों, तेव्हां आमच्या चामोर्शीच्या घरांत थोडी खळबळच उडाली. प्रवास आम्हांला नवा नाहीं. काशी-रामेश्वर झालें आहे. लेकीच्या बिऱ्हाडीं नागपुरास जाणें-येणें तर नेहमींचेंच. परंतु तेहतीस वर्षांच्या संसारांत बरोबर मूल नाहीं, वडीलधारें माणूस नाहीं, लग्न-मुंज-दुखणें असें कांहीं निमित्तहि नाहीं, अशीं आम्ही दोघेंच कधीं घराबाहेर पडलों नव्हतों.

या खटाटोपाचें मूळ आमची पुतणी. गेल्या वर्षीं वसंतांत ती व तिचे यजमान इटलींत भाड्याची मोटार घेऊन टेकड्यांवरचीं जुनीं गांवें पाहात हिंडलीं. सिएना, ऑर्व्हिएतो, सान जिमिन्यानो अशीं त्या गांवांचीं नांवें. शत्रूच्या भयानें त्या काळच्या लोकांनीं टेकडीचा माथा गांठला व भोंवतीं तट घातले. सान जिमिन्यानोंत तर श्रीमंत घराण्यांनीं एकमेकांवर ताण करण्यासाठीं उंच दगडी मनोरे उभारले. त्यांपैकीं १४ आज शिल्लक आहेत. बहुतेक ठिकाणीं मोटार तटाबाहेर ठेवूनच आंत पायीं जावें लागतें. पुतणीनें पाठविलेलीं छायाचित्रें फोनवर पाहतां पाहतां सासूबाई म्हणाल्या, "हें तर आपलें चांदेंच कीं ग! तट काय, दरवाजे काय! लोक एवढे समुद्र ओलांडून जातात. तुम्ही दोघें कधीं नुसतें पाहाण्यासाठीं म्हणून चांद्याला तरी गेलां आहांत का?"

मी हंसून विषय टाळला. पण हे लगेच म्हणाले, "खरेंच, जाऊं या. पाडवा झाला कीं निघूं." यांच्या तोंडून एवढ्या तत्परतेनें होकार येणें ही गोष्ट आमच्या घरीं इतकी दुर्मिळ, कीं मला तेव्हांच शंका यावयास हवी होती. दिवाळीच्या सुमारास यांनीं मोटारीची डावी बाजू फाटकाच्या खांबावर घांसली होती, तीहि आठवावयास हवी होती. परंतु नऊ माणसांच्या घरांत जो तो आपल्या कामाच्या मागें. शंका घेण्यासहि सवड लागते!

जाऊबाईंनीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी व लिंबाचें लोणचें बांधून दिलें, आणि सकाळीं सातच्या सुमारास आम्ही निघालों. आतां खरें तें सांगतें. पहिला अर्धा तास आम्हां दोघांना एकमेकांशीं बोलावयास कांहीं सुचेना. गॅसची नोंदणी, भाऊजींच्या धाकट्याची परीक्षा, गड्याचा पगार, एवढें झाल्यावर आम्ही गप्प झालों. इतकीं वर्षें आम्ही बोलत आलों तें घराविषयीं. घर मागें राहिल्याबरोबर बोलणेंहि मागें राहिलें. वाचकभगिनींपैकीं पुष्कळींना हा अनुभव असेल. फक्त तो घेण्याची वेळ आली नसेल.

पहिला मुक्काम मार्कंडा. तें आमच्याच तालुक्यांत, घरापासून अगदीं जवळ. दर महाशिवरात्रीस आम्ही यात्रेच्या गर्दींत तेथें जातों. त्या दिवशीं मात्र घाटावर चार-सहा माणसेंच होतीं. वैनगंगा येथें वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून हें स्थान विशेष पवित्र मानितात. एका आवारांत लहानमोठीं अनेक देवळें. त्यांतील मुख्य देवळावर फार पूर्वीं वीज पडून त्याचा वरचा भाग ढांसळला. अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज संशोधकानें एकोणिसाव्या शतकांत या देवळांची पाहणी करून त्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. लोक याला विदर्भाचें खजुराहो म्हणतात. यात्रेच्या रेटारेटींत ज्यांच्याकडे मान वर करून पाहातां आलें नव्हतें, त्या भिंतींवरील मूर्तींच्या ओळी आम्ही त्या दिवशीं सावकाश पाहिल्या.

सोळा वर्षांचेंच आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयानें शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हातानें परतावें लागलें, ही कथा लहानपणापासून सर्वांनीं ऐकलेली आहे. देवळाच्या पायऱ्या उतरतांना यांचा डावा पाय एकाएकीं चुकला. मीं दंड धरला म्हणून सांवरले. "पायरी दिसली नाहीं," एवढेंच ते म्हणाले.

तेथून परत हमरस्त्याला लागून आष्टीमार्गें आम्ही चपराळ्यास गेलों. सिवनीकडून आलेली वैनगंगा आणि पश्चिमेकडून आलेली वर्धा येथें मिळतात, आणि पुढें दोघींचींहि नांवें संपून प्राणहिता सुरू होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. भोंवतालचें अरण्य १९८६ पासून अभयारण्य आहे. चैत्रामुळें पात्रांत वाळूच फार. पण दोन्ही प्रवाह निराळे ओळखूं येत होते. चार वाजले होते. मला वाटलें, येथेंच बसून सूर्यास्त पाहावा. हे मात्र उठण्याची घाई करूं लागले. मी चिडलें. म्हटलें, "अहो, तीन दिवस मोकळे म्हणून निघालों ना? येथेंहि घड्याळच कां पाहायचें?"

हे थोडा वेळ नदीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "अग, अंधार पडल्यावर मला आतां मोटार चालवितां येत नाहीं. डोळ्यांत काचबिंदू आहे. आठ महिने झाले."

डॉक्टरांनीं यांना समजावून सांगितलें होतें तें असें. या रोगांत बहुधा डोळ्यांतला दाब वाढून आंतल्या मज्जातंतूची हळूहळू हानि होते. दृष्टि कडेकडेनें जाते. समोरचें स्वच्छ दिसत असतें, म्हणून पुष्कळ दिवस माणसाला कळतच नाहीं. एकदां गेलेली दृष्टि परत येत नाहीं. पण रोज नेमानें औषधाचे थेंब घातले तर उरलेली बहुतेकांना राखतां येते. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, सावकाश चालविण्यास तूर्त हरकत नाहीं. पुढें काय, तें दर तपासणीनंतर ठरेल. थेंबांची बाटली यांनीं पुस्तकांच्या कपाटांत ज्ञानकोशाच्या मागें ठेविली होती!

मला दुःखाच्या आधीं राग आला. "आठ महिने! आणि मला सांगितलें नाहीं?"

"सांगूं कोठें?" हे म्हणाले. "ओसरीवर आई, माजघरांत वहिनी, माडीवर पोरांचा अभ्यास. रात्रीं तूं खोलींत येतेस तेव्हां झोंपेनें तुझेच डोळे मिटत असतात. दोनदां बोलायला लागलों. एकदां कोणी दूध मागायला आलें, एकदां दार वाजलें. पुढें वाटलें, राहूं दे."

यावर मला उत्तर नव्हतें. आमचें घर वाईट नाहीं; उलट इतकें प्रेमाचें घर चार गांवांत शोधून सांपडायचें नाहीं. पण नऊ माणसांच्या त्या घरांत एका माणसाला एक वाक्य बोलून टाकावयास आठ महिने जागा मिळाली नाहीं, हेंहि खरें.

उजेड असतांनाच आम्ही आलापल्लीच्या विश्रामगृहांत पोंचलों. त्या रात्रीं पुष्कळ बोललों. तें येथें लिहीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे बाहेर पडलों तों मोहाखालीं बायका-मुलें टोपल्या घेऊन वेंचणीस बसलीं होतीं. मोहाचीं मांसल फुलें रात्रभर गळतात आणि उन्हें चढण्यापूर्वीं वेंचावीं लागतात. वाळवून तीं वर्षभर उपयोगी पडतात, विकून चार पैसेहि येतात. येथल्या गोंड कुटुंबांचें हें चैत्रांतलें पीकच. पण तें निर्धास्त नाहीं. मोह वेंचतांना वाघानें माणूस मारल्याची वार्ता आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जवळजवळ दर उन्हाळ्यांत ऐकूं येते. बायका थोड्या थोड्या वेळानें एकमेकींना हांका मारीत होत्या, त्या उगीच नव्हे.

आलापल्लीचें सागवान प्रसिद्धच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीं २०२३ सालीं लांकूड गेलें तें या भागांतील. जवळच राखून ठेवलेला जुन्या वृक्षांचा सुमारें सहा हेक्टरांचा एक तुकडा आहे. २०१४ सालीं सरकारनें त्यास जैविक वारसास्थळ ठरविलें. चैत्रांत साग निष्पर्ण असतो, पळसाचीं शेवटचीं फुलें खालीं पडून काळवंडलेलीं असतात. पण कुसुंबाची कोंवळी पालवी अशी लाल फुटते, कीं दुरून झाडाला फुलेंच आलीं आहेत असें वाटावें. हे शाळेंत तीस वर्षें शास्त्र शिकवीत होते. एकेका झाडापाशीं थांबून मला नांव सांगत, आणि मग इतका वेळ त्याकडे पाहात राहात कीं मीच पुढें चला म्हणेनाशी झालें.

दुपारीं आष्टीचा पूल ओलांडून, गोंडपिंपरीवरून बल्लारपुरास आलों. वर्धेच्या कांठचा तेथील किल्ला म्हणजे गोंड राजांची आधींची राजधानी. पुढें खांडक्या बल्लाळशहानें चंद्रपूर वसविलें, अशी परंपरा सांगतात. ऊन फार म्हणून किल्ल्यांत थोडेंच थांबलों, आणि दिवस मावळण्यापूर्वीं चंद्रपूर गांठलें.

सासूबाईंची उपमा अगदीं चुकीची नव्हती. टेकडी मात्र नाहीं. गोंड राजांनीं माथ्याऐवजीं इरई व झरपट या नद्यांचा आधार घेऊन तट घातला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे त्याचे चार मोठे दरवाजे अजून उभे आहेत. पण इटलीप्रमाणें मोटारी बाहेर न थांबतां जटपुऱ्याच्या कमानीखालून सर्रास धांवतात, आणि पायीं जाणाऱ्यानेंच जीव मुठींत धरावा लागतो! तटावर झाडोरा माजला होता. २०१७ सालीं 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनीं स्वतः श्रमून तो काढण्यास आरंभ केला, म्हणून आज त्याचे बुरूज डोळ्यांस दिसतात.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं महाकालीचें दर्शन घेतलें. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेची तयारी चालली होती. तेथून राजा बीरशहाच्या समाधीस गेलों. बीरशहाचा खून झाल्यावर राणी हिराईनें ही समाधि बांधविली. एवढ्यावर ती थांबली नाहीं. रामशहास दत्तक घेऊन तो लहान असतांना राज्याचा कारभारहि तिनें पाहिला. नवऱ्यांनीं बायकांसाठीं बांधलेल्या इमारतींचें कौतुक जगभर होतें. बायकोनें नवऱ्यासाठीं बांधलेली ही इमारत शेजारच्या जिल्ह्यांत असून मीं ती साठीजवळ आल्यावर पाहिली. त्या थंड दगडाला हात लावून उभी असतांना माझ्या मनांत समाधीपेक्षां कारभाराचाच विचार अधिक आला.

परततांना मूलवरून सावलीस आलों. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन या लहानशा गांवीं भरलें होतें, आणि गांधीजी त्यासाठीं येऊन राहिले होते. चहा घेऊन झाडाखालीं उभीं असतां यांनीं मोटारीची किल्ली माझ्यापुढें धरली. सात वर्षांपूर्वीं लेकीबरोबर मीहि मोटार शिकलें होतें, परवानाहि काढला होता. पण घरांत चालविणारे तिघे पुरुष, तेव्हां तो पाकिटांतच राहिला होता. "अहो, रस्त्यावर ट्रक फार आहेत," मी म्हणालें. "म्हणूनच," हे म्हणाले.

सावली ते गडचिरोली हात थरथरत होते. वैनगंगेच्या पुलावर एक भलामोठा ट्रक समोरून आला तेव्हां मीं देवाचें नांव घेतलें. यांनीं वाटेंत एकदांहि "हळू" किंवा "ब्रेक" असा शब्द काढला नाहीं. तेहतीस वर्षांत यांनीं माझ्यावर केलेला हा सर्वांत मोठा उपकार असें मी समजतें.

घरीं रात्रीं जेवणें झाल्यावर यांनीं सर्वांना बसवून सांगितलें. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांना शेवटीं असेंच झालें होतें. बाजूनें कोणी आलें तर दिसत नसे. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलें." हा रोग पुष्कळदां घराण्यांत उतरतो, आणि चाळिशीनंतर सख्ख्या भावाबहिणींनीं डोळ्यांचा दाब तपासून घेणें जरूर असतें, हें डॉक्टरांनीं यांना सांगितलें होतें, पण यांनीं रोगच लपविल्यामुळें भाऊजींना तें कळणार कसें? आठवड्याच्या आंत भाऊजी नागपुरास जाऊन आले. त्यांचाहि दाब वाढलेला निघाला; दृष्टि मात्र अजून शाबूत आहे. त्यांना थेंब सुरू झाले आहेत.

म्हणून ज्यांच्या घरीं वडील मंडळी आहेत त्यांना माझी विनंति आहे. मुलगा-सून आपण होऊन "आम्ही दोघें जातों" असें म्हणणार नाहींत. त्यांना संकोच वाटतो. सासूबाईंप्रमाणें तुम्हींच म्हणा. दूर जावयास नको, खर्चहि फार नको. इटली ज्यांना साधेल त्यांनीं जरूर पाहावी. इतरांना आपल्याच जिल्ह्यांतील दोन नद्या आणि एक तट पुरतो.

यांचे थेंब आतां कपाटामागें नसतात. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतात. रात्रीं नऊ वाजतां मी ते घालतें. घातल्यावर कांहीं मिनिटें डोळे मिटून स्वस्थ बसावें लागतें, आणि मी जवळ बसतें. तेवढा वेळ आमच्या खोलीचें दार लोटलेलें असतें. परवां धाकटा पुतण्या कांहीं मागावयास येऊं लागला, तों सासूबाईंचा आवाज आला, "थांब रे, काकूला आतां हांक मारूं नको."