धोरण लेखी हवे

२०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानी भूदलाची एक तुकडी बेळगावात मुक्कामाला होती. मराठा लाईट इन्फंट्रीच्या १५ व्या बटालियनबरोबर तिचा ‘धर्म गार्डियन’ हा संयुक्त सराव झाला. अतिरेकी दबा धरून बसलेल्या घरात शिरायचे कसे, झाडीतून आणि वस्तीच्या कडेने सरकायचे कसे, जखमी साथीदारावर जागच्या जागी प्रथमोपचार कसे करायचे, असे धडे त्यात होते. मालदीवबरोबरचा ‘एकुवेरिन’ सराव तर २००९ साली बेळगावातच सुरू झाला. भारताने कोणत्याही लष्करी गटात नाव नोंदवलेले नाही. पण मित्रदेशांच्या जवानांबरोबर घाम गाळण्याची जी मोजकी ठिकाणे देशात आहेत, त्यांत आपले बेळगाव आहे.

बेळगावजवळच्या कडोलीसारख्या गावाला ही बातमी दूरची नाही. पहाटे अंधारात भरतीसाठी धावणारी पोरे इथल्या प्रत्येक रस्त्याला दिसतात. घरात एक जण फौजेत, एक शेतात आणि एक बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या कारखान्यात, अशी कुटुंबे या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. अग्निवीर झालेला मुलगा उद्या कोणाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणार, कोणत्या धोक्यासमोर, आणि ते कोणी ठरवले, हे विचारण्याचा हक्क या घरांइतका दुसऱ्या कोणाचा नाही.

हा प्रश्न एकेकाळी विचारताच येत नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. एकाही हिंदी प्रतिनिधीला विचारले नाही. मराठा पलटणी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आफ्रिकेत आणि मग इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली आणि तिथेच देह ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना शत्रूच्या माऱ्यातून पाठीवर घेऊन बाहेर काढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पराक्रम आपल्या पोरांचा होता, युती मात्र दुसऱ्यांची होती आणि तिच्या अटी लंडन-वॉशिंग्टनमध्ये ठरत होत्या.

आपण स्वतः युती केली, तेव्हा काय झाले? १७८० च्या आसपास नाना फडणविसांनी इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. पुणे दरबार, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर मुधोजी भोसले असे चौघे त्यात होते. हैदराने मद्रासच्या बाजूने उठायचे, भोसल्यांनी बंगालवर जायचे, निजामाने पूर्व किनाऱ्यावर यायचे आणि पेशव्यांच्या फौजांनी मुंबई-गुजरातेकडे इंग्रजांना अडकवायचे, असा तो बेत होता. एवढ्या विस्ताराचा विचार त्या काळात दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही. नानांना खरा शत्रू कोण हे इतरांच्या आधी कळले होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. हैदराने शब्द पाळला. १७८० च्या सप्टेंबरात पोलिलूरला त्याने इंग्रज सेनानी बेलीची फौज धुळीला मिळवली. पण इंग्रजांनी गुंटूर परत देऊन निजामाला गप्प बसवले. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली आणि पैसे घेऊन थांबली. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला, डिसेंबरात हैदर वारला, आणि चौकडी संपली.

पुढे तर पटच बदलला. १७९० साली पुणे दरबार, निजाम आणि इंग्रज हे तिघे हैदराच्या मुलाविरुद्ध, टिपूविरुद्ध एक झाले. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून महिनोन् महिने बसले, तेव्हा त्यांच्या छावणीत कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. दोन वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचा निम्मा मुलूख तिघांनी वाटून घेतला. आणि १८१८ मध्ये त्याच इंग्रजांच्या जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला.

धारवाड ते बेळगाव हे अंतर फार नाही. या दोन वेढ्यांमधल्या २७-२८ वर्षांत मित्र कोण आणि धोका कोणता, याचा हिशेब पुणे दरबारात कोणी नव्याने मांडलाच नाही. चौकडीला सामाईक खजिना नव्हता, नियमित बसणारी मसलत नव्हती. वकील एकमेकांच्या दरबारात होते, पत्रेही रोज जात. पण परवाची मसलत आज लागू आहे का, हे चौघांनी एकत्र बसून तपासण्याची कुठलीच सोय नव्हती. नानांचे डोळे मिटले की नानांची दृष्टीही गेली.

नाटो ही आजची सर्वांत मोठी लष्करी युती. तिच्याकडे पाहायचे ते याच अंगाने. १९४९ साली १२ देशांनी ती सोव्हिएत संघाच्या धास्तीने उभारली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. ज्याच्यासाठी दार लावले तो चोरच नाहीसा झाला, तर दाराचे काय करायचे, असा तो पेच होता. तरीही आज तिचे ३२ सदस्य आहेत. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये आले. हे जमले, कारण दर काही वर्षांनी ही मंडळी धोक्याची यादी नव्याने लिहितात आणि ती छापून सगळ्यांसमोर ठेवतात. १९९१, १९९९, २०१० आणि २०२२ अशा चार वेळा त्यांनी ते केले. २०१० च्या कागदात रशियाशी भागीदारीची भाषा होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये माद्रिदला त्याच रशियाला सर्वांत मोठा आणि थेट धोका म्हटले, आणि चीनचे नाव अशा कागदात पहिल्यांदा आले. आधीचा अंदाज चुकला हे ३० देशांनी एकत्र मान्य करणे सोपे नसते.

नाटोचा सदस्य असलेल्या एस्टोनियाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. बेळगाव जिल्ह्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी लोकवस्तीचा हा देश. २००७ च्या वसंतात राजधानी टालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून वाद पेटला आणि पाठोपाठ बँका, वर्तमानपत्रे, सरकारी खाती यांची संकेतस्थळे संगणकी हल्ल्याने बंद पडली. एक गोळी सुटली नाही, सीमेवर एक रणगाडा आला नाही, पण लोकांचे बँकेचे व्यवहार अडले. याला युद्ध म्हणायचे का, हे करारात कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्याच वर्षी टालिनमध्ये या विषयाचे केंद्र निघाले; २०१६ मध्ये जमीन, पाणी, हवा यांच्या जोडीला सायबर हेही रणक्षेत्र ठरले, २०१९ मध्ये अंतराळ. हल्ला एका लहान घरावर झाला आणि नियम सगळ्या वाड्याचे बदलले. युती बदलते ती अशी.

नाटोचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. अफगाणिस्तानात २० वर्षे घालवून ती २०२१ मध्ये कशी बाहेर पडली, हे जगाने पाहिले. तिचाच सदस्य असलेल्या तुर्कस्तानने रशियाकडून हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली. अमेरिका पाठीशी राहील की नाही, या धास्तीने युरोपचे देश २०२५ च्या जूनमध्ये २०३५ पर्यंत उत्पन्नाचा ५ टक्के वाटा संरक्षणावर आणि त्याच्याशी निगडित कामांवर खर्च करायला कबूल झाले. असल्या गटात भारताने जाऊ नये, हेच आमचे मत आहे. दुसऱ्याच्या भांडणाला आपली पोरे बांधून देण्याचा अनुभव आपण इटलीत घेतला आहे.

पण गटात न जाणे म्हणजे धोरण न लिहिणे नव्हे. २०१६ च्या मार्चमध्ये पुण्यात औंधच्या छावणीत आग्नेय आशियासह १८ देशांचा ‘फोर्स १८’ हा सराव झाला. विषय होते सुरुंग काढणे आणि शांतिसेनेचे काम. भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. बेळगाव जिल्ह्याची सून म्हणून आपण त्यांना ओळखतो. नऊ वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, त्याच कुरेशी कर्नलच्या गणवेशात पत्रकारांसमोर बसून पाकिस्तानने भारतावर सोडलेल्या शेकडो ड्रोनची आणि ते तुर्की बनावटीचे असल्याच्या प्राथमिक तपासाची माहिती देत होत्या. एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीच्या एका टप्प्यात धोका सुरुंगापासून ड्रोनपर्यंत गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाकिस्तान आणि सौदी अरेबियाने करार केला, की एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. म्हणजे युतीचे राजकारण आता आपल्या कुंपणाशी आले आहे.

अशा वेळी भारताचे राष्ट्रीय सुरक्षा धोरण काय आहे, हे सांगणारा एकही प्रसिद्ध सरकारी दस्तऐवज देशाकडे नाही. तिन्ही दलांच्या युद्धनीतीच्या पुस्तिका आहेत, मसुदे तयार झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालील समितीवर हे कामही सोपवले गेले. देशापुढे मात्र काहीच आले नाही. लेखी धोरण नसल्याने काम अडत नाही, उलट हात मोकळे राहतात, असे काही जाणती माणसे म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही आम्हाला हे पटत नाही. हात नानांचेही मोकळे होते. गुप्त ठेवण्यासारखे ते गुप्त ठेवावे. पण कोणता धोका पहिला, कोणाशी मैत्री कुठपर्यंत आणि अग्निवीराच्या चार वर्षांत त्याला नेमके कशासाठी तयार करायचे, एवढे तरी संसदेत मांडले गेलेच पाहिजे आणि दर पाच वर्षांनी तपासले गेले पाहिजे.

सीमाभागाचे खासदार दिल्लीत रस्ते, रेल्वे आणि ऊसदराचे प्रश्न मांडतात. ते मांडायलाच हवेत. या पट्ट्यातल्या प्रत्येक माजी सैनिक संघटनेने आता त्यांच्यापुढे हाही एक प्रश्न ठेवावा. कडोली तर दरवर्षी साहित्य संमेलन भरवणारे गाव. पुढच्या संमेलनात एक परिसंवाद देशाच्या संरक्षणावर ठेवा, इटली पाहिलेल्यांच्या नातवंडांना आणि सियाचीन पाहून आलेल्यांना व्यासपीठावर बसवा, आणि लेखी सुरक्षा धोरणाच्या मागणीचा ठराव करून तो खासदारांच्या हाती द्या.