मोहल्ला कुणी दाखवायचा?

रमजान लागला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर गर्दी लोटते. मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्री पाय ठेवायला जागा नसते. मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी, सीख कबाब. त्या गर्दीत रोजेदार किती आणि मोबाइलवर व्हिडिओ काढणारे किती, हे मोजलं तर दुसरेच जास्त भरतील असा माझा अंदाज आहे. त्याला माझी हरकत नाही. एरवी त्या भागात न फिरकणारी माणसं महिनाभर येतात, खातात, दोन शब्द बोलतात, हे चांगलंच आहे. पण ईद झाली की तीच वस्ती पुन्हा ‘तिकडे’ होऊन जाते. ज्या सोसायटीतली पोरं निहारी खायला आली, त्याच सोसायटीत मुसलमानाला भाड्याने घर मिळत नाही.

म्हणून ‘मुस्लिम मोहल्ल्यांत पर्यटन वाढवा’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, दाखवणार कोण? आणि येणारा पैसा कुणाच्या खिशात जाणार? बाहेरची कंपनी वीस माणसांना घेऊन येते, गल्लीतून फिरवते, ‘कसे राहतात बघा हे लोक’ असं इंग्रजीत सांगते आणि निघून जाते. धारावीतल्या फेऱ्यांवरून हा वाद बरीच वर्षं चालू आहे. नफ्यातला मोठा वाटा वस्तीतल्या कामाला देणारे आयोजकही तिथे आहेत, हे मान्य. तरीही गरिबी बघायला तिकीट काढणं मला पटत नाही. आपलं घर दुसऱ्याने दाखवणं आणि आपण दाखवणं यात फरक आहे.

दिल्लीतल्या निजामुद्दीन बस्तीत हा फरक दिसतो. हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा, शेजारी अमीर खुस्रोंची कबर, चार पावलांवर गालिबची मजार, रस्त्याच्या पलीकडे हुमायूनचा मकबरा. बघायला लोक शेकडो वर्षं येतायत. पण बस्ती मात्र तुंबलेल्या गटारांची आणि दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांची. 2007 मध्ये आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खातं आणि महानगरपालिकेला सोबत घेऊन तिथे काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी दर्ग्याजवळच्या चौदाव्या शतकातल्या बावडीचा एक भाग कोसळला. बावडीवरच घरं बांधून राहणाऱ्या कुटुंबांना आधी दुसरीकडे घरं दिली गेली, मग दुरुस्ती झाली. वारसा वाचवायचा म्हणून माणसं हुसकावली नाहीत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पहिली कुऱ्हाड हातगाडीवाल्यावर पडते.

तिथे इमारतींच्या दुरुस्तीइतकंच लक्ष पालिकेची शाळा, दवाखाना, शौचालयं यांच्याकडे दिलं गेलं. बायकांसाठी वेगळी बागही झाली. बस्तीतल्या मुलामुलींनी वारसास्थळं दाखवण्याचं शिक्षण घेतलं आणि ‘सैर-ए-निजामुद्दीन’ नावाने पाहुण्यांना फिरवायला सुरुवात केली. बायकांनी ‘जायका-ए-निजामुद्दीन’ नावाचा गट काढून घरचं जेवण विकायला घेतलं. ‘इन्शा-ए-नूर’मध्ये आरीचं भरतकाम आणि क्रोशाच्या वस्तू होतात. 2021 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च 2020 मध्ये, हीच बस्ती टीव्हीवर देशाची शत्रू ठरली होती. तबलिगी जमातचं मरकज इथलंच. महिनाभर ‘निजामुद्दीन’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. भाजीवाल्याचं नाव विचारून त्याला गल्लीतून परत पाठवण्याचे प्रकार त्याच दिवसांतले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं नोंदवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पर्यटनाने द्वेष संपतो असं सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. पाहुणा कबाब खाऊन गेला म्हणजे उद्या तुमच्या बाजूने बोलेलच, याची खात्री नाही. तरी एखाद्या गल्लीतून तिथल्याच पोरीच्या तोंडून इतिहास ऐकत दोन तास फिरलेला माणूस टीव्हीवरची बातमी थोड्या संशयाने बघेल, एवढी आशा मी ठेवतो. मोठी नाही, पण टाकून देण्यासारखीही नाही.

आता आपल्याकडे वळू. औरंगाबादला, म्हणजे आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरला, अजिंठा-वेरूळमुळे जगभरचे लोक येतात. बस बीबी का मकबऱ्यापाशी थांबते, तासाभराने सुटते. लागूनच असलेल्या बेगमपुऱ्यात कितीजण शिरतात? मलिक अंबरने खोदवलेल्या नहरींनी या शहराला शतकानुशतकं पाणी पाजलं, हे त्यांना कोण सांगतं? नान-खलिया हे शहराचं खरं जेवण, पण पाहुण्याला हॉटेलात पनीर मिळतं. हिमरूचे हातमाग बोटावर मोजण्याइतके उरले आणि दुकानात हिमरू म्हणून यंत्रावरचा माल खपतो. पाणचक्कीत तर राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालयच आहे. आपल्याच मालकीच्या जागेत आपल्याच पोरांना वाटाड्ये म्हणून उभं करायला कुणाची आडकाठी आहे? सरकारकडे बोट दाखवण्याआधी याचं उत्तर आपण द्यायला हवं.

आपल्यातल्या काही बुजुर्गांना हे आवडणार नाही, ते मला माहीत आहे. बाहेरचे लोक येतील, बायकांचे फोटो काढतील, दर्ग्यात चप्पल घालून शिरतील. ही भीती खोटी नाही. पण म्हणूनच नियम मोहल्ल्याने ठरवायचे. कुठे कॅमेरा चालेल, कुठे नाही. जुम्म्याच्या नमाजच्या वेळी फेरी नाही. एका वेळी दहाच्या वर माणसं नाहीत. फीचा ठरलेला हिस्सा गल्लीच्या सफाईला आणि मुलींच्या शिक्षणाला. पाहुणा सहसा नियम पाळतो, त्याला कुणी सांगितलं तर. आज रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर जो गोंधळ असतो तो कुणी काही ठरवलंच नाही म्हणून. कचरा रहिवाशांनी सोसायचा आणि व्हिडिओवर कमाई दुसऱ्याने करायची.

भाड्याचा प्रश्न मात्र मला खरोखर छळतो. जागा प्रसिद्ध झाली की तिची किंमत वाढते, आणि गोधडी शिवणारी बाई, पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर आधी बाहेर फेकला जातो. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हानी ट्रस्टने साडेसोळा एकरांवरचा पुनर्विकास हाती घेतला तेव्हा जुन्या भाडेकरूंना तिथेच मालकीची घरं देण्याचं ठरवलं. बोहरा समाजाकडे त्यासाठी पैसाही होता आणि संघटनाही. इतर मोहल्ल्यांकडे दोन्ही नाही. तिथे वक्फच्या जागा कारागिरांना कमी भाड्यात, लांब मुदतीने देता येतील. त्यासाठी वक्फ मंडळाकडे पहिला अर्ज बेगमपुऱ्यातून जावा असं मला वाटतं. हिमरूच्या उरलेल्या दोन-चार मागांसाठी, आणि वाटाड्या व्हायला तयार असलेल्या पाच-सात पोरापोरींसाठी.