बटण दाबा, साहेब हजर!

नवा फोन येणार म्हटलं की आपण चातकासारखे बसतो. अमेरिकेत २००८ च्या डिसेंबरात ब्लॅकबेरी कर्व्ह ८३५०आय आला, तेव्हा मीही त्यातलाच. नेक्स्टेलचं वॉकीटॉकीचं बटण आणि ब्लॅकबेरीची ईमेल, दोन्ही एकाच फोनमध्ये! वायफाय होतं, जीपीएस होतं. थ्रीजी नव्हतं, कारण ते बटण ज्या आयडेन नेटवर्कवर चालायचं, त्यावरच ते नव्हतं. हे ठाऊक असूनही वाट पाहिली. असो.

आता कुणी 'ऑफिससाठी पुश-टू-टॉक स्मार्टफोन येतोय' म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, ते बटण बांधकामावरच्या माणसाचं! हातात मोजे, डोक्यावर क्रेन. नंबर फिरवायला वेळ कुणाला? बटण दाबायचं, 'थांबव' म्हणायचं, सोडायचं. एका वेळी एकानेच बोलायचं हेही तिथे ठीक. पण तेच बटण घरी आलं की? रिंग नाही, 'उचलू की नको' नाही, थेट आवाज! पुण्याहून आई आली होती. रविवारी ताटावर बसलो आणि माझ्या खिशातून आमचे साहेब बोलले. आईने पदर सावरला, म्हणाली, "कोण आलंय रे?"

३० जून २०१३ ला आयडेन बंद झालं. बटण मात्र २०२० च्या सॅमसंग एक्सकव्हर प्रोवर टीम्सच्या वॉकीटॉकीसाठी परत आलं. दुकानात, गोदामात खुशाल वापरा. मला दिलात, तर संध्याकाळी तो ऑफिसच्या खणात ठेवूनच मी घरी येणार.