वेबसाइटची रंगीत तालीम

मंडळाची वेबसाइट दिवाळीसाठी सजवणार असाल, तर थेट मूळ पानाला हात लावू नका. क्रोममध्ये ‘स्टायलस’ एक्स्टेन्शन टाका. रंग बदला, वेलांट्या कापल्या जात असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा. बदल फक्त तुमच्याच स्क्रीनवर दिसतील; शारजातल्या सभासदाला जुनंच पान दिसेल.

नाव मात्र नीट वाचा. स्टायलस ज्यातून फुटून निघालं, ते ‘स्टायलिश’ लोकांनी पाहिलेल्या पानांची नोंद गोळा करत होतं. २०१८ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांनीही ते दुकानातून काढलं होतं.

म्हणून मंडळाची साइट उघडून एक्स्टेन्शनच्या आयकॉनवर राइट-क्लिक करा आणि परवानगी तेवढ्याच साइटपुरती ठेवा. त्याच ब्राउझरमधून आपण घरी पैसे पाठवतो, एमिरेट्स आयडीचं नूतनीकरणही करतो.