घरभर एकाच फोनचा हॉटस्पॉट: दरवाढीनंतरचा हिशेब

जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा आरडाओरडा झाला तो किमतीवरून. सोबत आलेली अट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. जिओ आणि एअरटेलने अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटावाल्या प्लॅनपुरतं ठेवलं. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला, आणि त्यातलं अनलिमिटेड ५जीही गेलं. ते हवं तर ३४९ चा मारा.

मला ही अट किमतीपेक्षा मोठी वाटते. कारण ज्या घरात वायफाय नाही, तिथे आता एकच जण मोठा प्लॅन घेतो आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर जगतात. बहुतेक वेळा तो एक जण म्हणजे तुम्हीच!

हॉटस्पॉट चालू केला की तुमचा फोन राउटर होतो: टॉवरकडून नेट घेतो आणि वायफायने वाटतो. म्हणून आईच्या जुन्या ४जी फोनलाही तुमच्या ५जीचा वेग मिळतो. इथपर्यंत मजा आहे. पण अनलिमिटेड हे वर ५जी दिसतंय तोवरच. आतल्या खोलीत भिंतींमुळे सिग्नल पडला की फोन गुपचूप ४जीवर जातो आणि तुमचे रोजचे २ जीबी मोजायला सुरुवात होते. टीव्हीवर सिनेमा चालू असेल तर? नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. म्हणजे ४० मिनिटांत खेळ खल्लास. पुढे ६४ केबीपीएस, म्हणजे १ एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं. आणि किराणा दुकानात यूपीआय गोल गोल फिरत उभा कोण? ज्याने रिचार्ज मारला तो.

लॅपटॉप जोडत असाल तर विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, नाहीतर अपडेट्स तुमचा डेटा खातात. (हॉटस्पॉटच्या सेटिंगमधल्या ५ गिगाहर्ट्झचा आणि ५जीचा काडीचाही संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झ जवळ वेगवान, २.४ भिंतीपलीकडे पोचतं, एवढंच.)

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही कॉलेजला किंवा कामावर निघालात की घराचं नेट तुमच्या खिशातून बाहेर जातं. बहिणीचा ऑनलाइन क्लास दुपारी असेल तर हॉटस्पॉट तिच्या काय कामाचा?

अशा घरांनी हिशेब नव्याने मांडावा असं माझं मत आहे. जिओचं ३० एमबीपीएसचं फायबर ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे महिन्याला ४७१ रुपये. ऐकायला जास्त वाटतं. पण ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना मिळू लागला, म्हणजे २८ दिवसांना साधारण १५०. घराबाहेर नेट न वापरणारे आजी-आजोबा दर वेळी २९९ मारत असतील, तर दोघांचे मिळून ३०० वाचतात. उरले १७०-१७५. तेवढे बाकीच्यांनी वाटून घेतले तर नेट दिवसभर घरात राहतं, तुम्ही असा वा नसा. घरातले सगळेच बाहेर फिरणारे असतील तर हे गणित बसत नाही, तिथे हॉटस्पॉटच बरा.

फायबरची तार तुमच्या गल्लीत पोचली नसेल तर एअरफायबर उरतं. ते ५९९ अधिक जीएसटीपासून, म्हणजे ७०७ च्या घरात. तेही शेवटी टॉवरच्याच सिग्नलवर चालतं, म्हणून घेण्याआधी गच्चीवर फोन घेऊन जा आणि ५जी टिकतंय का बघा. तोवर हॉटस्पॉटवाला फोन खिडकीत ठेवा, फक्त उन्हात आणि चार्जिंगला लावून नको, तापतो.