छापील वेग म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे

जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा वेग वाढवायचा म्हटलं की तीन आक्षेप हमखास ऐकू येतात: कंपनीने घातलेली मर्यादा ओलांडू नये, चिप जळेल, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा संगणक घ्यावा. मला हे तिन्ही आक्षेप मान्य नाहीत. मी ओव्हरक्लॉकिंगची बाजू घेतो ती एका अटीवर: व्होल्टेज न वाढवता जेवढा वेग मिळेल तेवढाच घ्यायचा.

चिपवर छापलेला वेग ही तिची कमाल ताकद नसते. प्रतिकूल स्थितीतही एवढं काम होईलच, ही ती हमी असते. आणि हमी देणारा नेहमी हात राखूनच देतो. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवा. त्याचा गुणक साडेचारचा. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ची ती चिप ४५० वर जाई, आणि कितीतरी चिपा तिथे विनातक्रार चालल्या. २०११ च्या कोअर आय५-२५००के मध्ये तर इंटेलनेच गुणक खुला ठेवला. नावातला ‘के’ ही त्याचीच खूण. कंपनीने स्वतः हाती दिलेली किल्ली फिरवली, तर मर्यादा कुठे मोडली?

जळण्याची भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. २५००के चे चारही कोअर कामाला लागले की मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ असतो. तो ४.५ वर नेण्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं, तर वेग ३२ टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता सुमारे ६७ टक्क्यांनी. व्होल्टेज तेच ठेवून ४.२ वर थांबलं, तर दोन्ही साधारण २४ टक्क्यांनी वाढतात. पहिला सौदा तोट्याचा, दुसरा रास्त.

जळण्याहून मोठा धोका चुपचाप होणाऱ्या चुकांचा. मी जानेवारीच्या रात्री ४.५ जमवलं आणि खूश झालो. मे महिन्यात त्याच वेगावर तयार केलेल्या व्हिडिओत मध्येच हिरवे चौकोन उमटले. संगणक एकदाही बंद पडला नव्हता. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. म्हणून वेगाची परीक्षा उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी.

‘नवा घ्या’ म्हणणाऱ्यांचं एक खरं आहे: जुनी हार्ड डिस्क रखडत असेल तर प्रोसेसर पळवून उपयोग नाही, आधी एसएसडी बसवावी. पण नवा प्रोसेसर एकटा येत नाही. त्याच्यासोबत नवा बोर्ड आणि नवी रॅमही घ्यावी लागते. प्रोसेसरवरच अवलंबून असलेलं शंभर मिनिटांचं काम एक पैसा न खर्चता ८१ मिनिटांत होत असेल, तर चालतं यंत्र भंगारात का काढायचं?

हे करायला धाडस लागत नाही, चिकाटी लागते. २५००के असेल तर बोर्ड पी६७ किंवा झेड६८ चिपसेटचा आहे ना, ते आधी पाहावं. एच६१ वर हा गुणक वाढत नाही. मग कूलर उतरवावा. पाकळ्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो आणि थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका ठेवावा. बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नये, कारण बोर्ड गरजेपेक्षा जास्त देऊन मोकळा होतो. गुणक एकेका अंकाने वाढवावा आणि दर पायरीला प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्राइम९५ हा प्रोग्राम काही तास चालवावा. एक जरी चूक दिसली, तरी एक पायरी खाली यावं.

माझी चिप आज ४.२ वर आहे. मेच्या दुपारीही तिथे चूक होत नाही, म्हणून तिचा खरा वेग मी तोच मानतो.