चिंचेने घासलेली लक्ष्मी

दिवाळीच्या अंकात कोणाशी भांडू नये, असा संकेत आहे. पण माझे भांडण नेमके लक्ष्मीपूजनाच्या ताटाशीच असल्यामुळे ते शिमग्यापर्यंत लांबवता येत नाही.

आमच्या देव्हाऱ्यातल्या डबीत अकरा शिवराया होत्या. काकू त्या दर आश्विन अमावास्येला चिंच आणि राख लावून अशा घाशीत, की ताटात त्या नव्या गडव्यासारख्या लखलखत. आज त्यांतल्या सातांवर एक अक्षर उरलेले नाही. घरोघरी हेच चालते, आणि पुन्हा भक्तिभावाने!

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचे हे नाणे. पण महाराजांमागे, पेशवाईतही ते याच नावाने पाडले जात राहिले, आणि बहुतेकांवर सन नाही. मग रायगडच्या काळातले कोणते आणि शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचे कोणते, हे ओळखायचे कशावरून? ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असल्या, तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकालीन. एरवी साक्ष देतात ती अक्षरांची वळणे, कडेचे ठिपके आणि चुका. कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’, ‘पति’चे ‘पती’. ठसा हाताने कोरायचा, तोही उलटा! कोरणाऱ्याची वेलांटी एकदा चुकली, की त्या ठशाचे प्रत्येक नाणे तीच वेलांटी घेऊन टांकसाळीबाहेर पडे. तीच चूक, त्याच जागी, त्याच वळणाची अशी दोन नाणी दोन गावांत सापडली, तर ती एका ठशाची भावंडे. ठशाला तडा गेला, तर तोही नाण्यावर उमटे. आणि तडा वाढत गेलेला दिसला, तर आधीचे नाणे कोणते व नंतरचे कोणते, हेही कळते. हातोडा सरकून दोनदा बसला, तर ती चूक मात्र त्या एकट्या नाण्याची. तिची गंमत वाटावी, पण तिच्यावरून काळ ठरवू नये.

आमच्या ओळखीचे एक शुद्धलेखनप्रेमी गृहस्थ ‘सिव’ दिसले की नाणे बनावट ठरवून मोकळे होतात. शाळेतले नियम ते सतराव्या शतकातल्या कारागिराला लावतात! दुसऱ्या टोकाला काही हौशी लोक चूक दिसली की किंमत न विचारता पैसे मोजतात. त्यांच्यासाठी कानशीने चुका करून देणारेही भेटतात. या दोघांपेक्षा मला चिंचेचीच भीती अधिक. तांब्यावर चढलेला तो काळपट थर म्हणजे नुसता मळ नव्हे. आंबट त्याला खाते, राख खालचे अक्षर खरवडते, आणि बारीक वेलांटी सर्वांत आधी जाते.

“काळे नाणे पूजेला कसे ठेवायचे?” असे वहिनी विचारतील. पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपा आणि ठेवा. पळी-पंचपात्र खुशाल घासा. त्यांच्यावर इतिहास लिहिलेला नाही.

काकूंच्या हातून वाचलेल्या चारांपैकी एकीवर ‘सिव’ आहे. ती यंदा ताटात काळीच बसणार. सूनबाईंना तसे सांगून ठेवले आहे, आणि घरातली चिंच कालच आमटीत संपवली आहे.